मुंबई मेट्रोचं काम फॉलो करताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मेट्रोचं काम फॉलो करायचं म्हणजे नक्की काय करायचं? मी इंजिनिअर नाही, जमेल का?

जमेल की. मीपण इंजिनिअर नाहीये. एलबीएस (लालबहादूर शास्त्री) मार्गावर रोजचं येणंजाणं, पत्र्याच्या बॅरिकेडमधून अर्धा रस्ता गेलेला, बस अडकलेली, मग खिडकीतून बघणार काय तर तेच काम, आणि बघता बघता कळायला लागलं की आज जे चाललंय ते मागच्या महिन्यापेक्षा वेगळं आहे. तिथून आवड लागली. लागतं काय तर एक लाईन निवडायची (घराजवळची किंवा ऑफिसच्या वाटेवरची), तिच्यावर कुठल्या पायरीचं काम चाललंय ते ओळखायला शिकायचं, आणि जमलं तर महिन्यातून एकदा तरी त्याच ठिकाणाहून फोटो काढून ठेवायचा. फोटो जुने झाले की त्यांची खरी किंमत कळते, कारण आज जिथे स्टेशनचा जिना आहे तिथे आधी काय होतं हे कुणालाच आठवत नाही.

एकच गोष्ट पक्की सांगतो आणि खालच्या बहुतेक उत्तरांत तीच येणार आहे: बातमीतल्या तारखेवर जाऊ नका, काम कुठल्या पायरीवर आहे ते बघा. तारीख बदलते, पायऱ्या गाळता येत नाहीत.

एमएमआरडीए, एमएमआरसी, एमएमओपीएल, एमएमएमओसीएल... एवढे सगळे कोण आहेत?

थोडक्यात सांगतो. मेट्रो 1 (वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर) खाजगी भागीदारीतली, ती एमएमओपीएल चालवते, 8 जून 2014 ला सुरू झाली, मुंबईची पहिली मेट्रो. मेट्रो 3, म्हणजे कफ परेड ते आरे जेव्हीएलआर भुयारी लाईन, ही एमएमआरसीची, त्यात केंद्र आणि राज्य निम्मे निम्मे भागीदार आणि मोठं कर्ज जायका या जपानी सरकारी संस्थेचं. बाकी म्हणजे 2ए, 7, 2बी, 4, 6, 9 वगैरे एमएमआरडीए, म्हणजे राज्य सरकारचं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, बांधते, त्यातल्या 2ए आणि 7 चालवायचं काम एमएमएमओसीएलकडे. हे माहीत असलं की तक्रार कुठे करायची आणि टेंडर कुणाच्या साइटवर शोधायचं ते कळतं, नाहीतर लोक मेट्रो 4 च्या खड्ड्याबद्दल मेट्रो 3 वाल्यांना टॅग करत बसतात.

पेपरात आलंय की डिसेंबरमध्ये सुरू होणार. धरून चालू का?

मेट्रो 3 चं उदाहरण घ्या, ती आता पूर्ण झालीये त्यामुळे सगळा हिशोब समोर आहे. काम 2016 च्या शेवटी सुरू झालं, तेव्हा 2021 पर्यंत गाडी धावेल असं सांगत होते. प्रत्यक्षात आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा पंतप्रधानांच्या हस्ते 5 ऑक्टोबर 2024 ला झाला आणि लोकांसाठी 7 तारखेपासून. बीकेसी ते आचार्य अत्रे चौक 10 मे 2025 पासून. आणि शेवटचा तुकडा, सायन्स सेंटरपासून कफ परेडपर्यंतचा, 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन होऊन 9 तारखेपासून. एकूण 33.5 किलोमीटर, 27 स्टेशनं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर, बाकी 26 खाली. खर्च 23,136 कोटींवरून 37 हजार कोटींच्या पुढे गेला.

आता यात गंमतीचा नाही, शिकण्यासारखा भाग आहे तो हा, की भुयार खोदायचं शेवटचं ब्रेकथ्रू (मशीन बोगदा संपवून बाहेर पडतं तो क्षण), बेचाळीसावं, महालक्ष्मीला 30 नोव्हेंबर 2022 ला झालं. त्या दिवशी सगळीकडे बातमी, भुयारीकरण शंभर टक्के पूर्ण. ते खरंच होतं. पण त्यानंतर कफ परेडपर्यंत माणसं बसून जायला जवळजवळ तीन वर्षं लागली. कारण बोगदा हा फक्त रिकामा पाइप असतो. त्यात रूळ, वीज, सिग्नल, हवा खेळवायचे पंखे, पाणी उपसायचे पंप, प्लॅटफॉर्मचे दरवाजे, सरकते जिने, आग विझवायची लाईन, हे सगळं घालायचं असतं, आणि स्टेशनचे बाहेर येणारे जिने तर बऱ्याचदा सगळ्यात शेवटी होतात कारण तिथे वरचा रस्ता, पाण्याचे पाइप, केबल, दुकानं सगळ्यांशी भिडावं लागतं.

म्हणून "85 टक्के काम पूर्ण" असं वाचलं की मी लगेच विचारतो, कशाचे 85 टक्के? सिव्हिलचे की सिस्टिमचे? सिव्हिल म्हणजे काँक्रीट. सिस्टिम म्हणजे वरची सगळी यादी. बातमीत बहुतेक वेळा सिव्हिलचा आकडा असतो, तो डोळ्यांना दिसतो म्हणून.

ट्रायल रन झाला ना! मग आता महिन्याभरात बसायला मिळेल?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर ऐकून लोक नाराज होतात. मेट्रो 2ए आणि 7 चा ट्रायल रन 31 मे 2021 ला झाला, पहिला टप्पा सुरू झाला 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला. दहा महिने. मेट्रो 3 चा ट्रायल रन 30 ऑगस्ट 2022 ला आरेत सारीपुत नगरला झाला, गाडी सुरू झाली ऑक्टोबर 2024 मध्ये. दोन वर्षांच्या वर. म्हणजे झेंडा दाखवायचा जो दिवस असतो त्यावरून काहीच ठरवू नका, तेव्हा एक गाडी छोट्याशा पट्ट्यात हळूहळू चालवून दाखवलेली असते, बऱ्याच स्टेशनांवर तेव्हा फरशीपण नसते.

त्याच्यापुढे काय काय होतं ते ढोबळ क्रमाने सांगतो. आधी गाडी एकटी चालवून ब्रेक, वेग, दरवाजे सगळं तपासतात. लखनौच्या आरडीएसओचे, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेचे लोक येऊन डब्यांत वाळूच्या गोण्या भरून, म्हणजे माणसांच्या वजनाएवढा भार टाकून, वेगवेगळ्या वेगाला गाडी किती हलते ते मोजतात. मग सिग्नलबरोबर गाडी जुळवायची, प्लॅटफॉर्मचा दरवाजा आणि गाडीचा दरवाजा समोरासमोर येऊन एकदम उघडतात का ते बघायचं, एकामागोमाग पाच-सात गाड्या सोडून वेळापत्रक पाळता येतं का ते बघायचं. सिस्टिम सुरक्षित आहे असं बाहेरच्या स्वतंत्र तपासनिसाचं सर्टिफिकेट लागतं. आणि सगळ्यात शेवटी सीएमआरएस, म्हणजे मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त. हे ऑफिस रेल्वे मंत्रालयाच्या नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली येतं, मुद्दाम तसं ठेवलंय, म्हणजे गाडी चालवणारा आणि गाडी पास करणारा वेगळा राहतो. ते स्वतः येऊन ट्रॉलीवरून रूळ बघतात, स्टेशनात आग लागल्यासारखं करून माणसं कशी बाहेर काढणार ते बघतात, त्रुटी लिहून देतात, त्या दुरुस्त झाल्या की परवानगी.

तेव्हा सीएमआरएसची तपासणी सुरू झाली अशी बातमी आली की खरं उत्सुक व्हा. त्याच्या आधी नको.

टीबीएम म्हणजे काय आणि त्यांना नद्यांची नावं का?

टीबीएम म्हणजे टनेल बोरिंग मशीन, शंभर मीटरच्या आसपास लांब, पुढे गोल फिरणारं कटर असलेलं तोंड आणि मागे अख्खा कारखाना. पुढे दगड कापत जायचं, मागे लगेच काँक्रीटचे वक्र तुकडे बसवून कडं पुरं करायचं, मग त्या पुऱ्या झालेल्या कड्यालाच जॅक टेकवून स्वतःला पुढे ढकलायचं, परत तेच. कड्यातला शेवटचा तुकडा छोटा आणि पाचरीसारखा असतो, तो घट्ट सारला की बाकीचे सगळे जागच्या जागी आवळले जातात. आणि तुकड्यांच्या कडेला रबराची पट्टी असते, पाणी आत येऊ नये म्हणून. मुंबईत पाणी हाच मोठा शत्रू, कारण माहीमपासून खाली अर्धी जमीन भराव टाकून केलेली, वर खारी माती आणि खाली कातळ, एकाच तोंडाने दोन्ही कापायचं.

मेट्रो 3 वर अशी 17 मशीन होती. सूर्या, वैतरणा, वैनगंगा, कृष्णा, गोदावरी, तानसा अशी नावं, महाराष्ट्रातल्या नद्यांची. मला ती पद्धत फार आवडते. नाव असलं की लोक विचारतात, "कृष्णा कुठवर आली?" नुसता मशीन नंबर असता तर कोणी विचारलं नसतं. धारावी आणि बीकेसीच्या मध्ये तर हा बोगदा मिठी नदीच्या खालून जातो, गाडीत बसल्यावर ते कळतसुद्धा नाही.

गिरगाव-काळबादेवीला मशीनने स्टेशन का नाही खणलं? तिथेच एवढा वेळ का गेला?

स्टेशन मशीनने खणत नाहीत, मशीनने फक्त दोन स्टेशनांमधला बोगदा होतो. साधारण स्टेशन म्हणजे रस्त्यात मोठी पेटी खणायची, भिंती घालायच्या, वर स्लॅब टाकून रस्ता परत द्यायचा. बीकेसीला ते चालतं. गिरगावात दोन चाळींच्या मध्ये जेमतेम रस्ता, तिथे पेटी मावणार कुठे? म्हणून गिरगाव, काळबादेवी, ग्रँट रोड अशा ठिकाणी नाटम पद्धत वापरली, म्हणजे बाजूच्या थोड्या मोकळ्या जागेतून विहिरीसारखं खाली जायचं आणि तिथून आडवं पोखरत रस्त्याखाली गुहा करायची. थोडं खणा, लगेच भिंतीवर काँक्रीट फवारा, लोखंडी बोल्ट ठोका, जमीन किती हलली ते मोजा, मग पुढचं थोडं. वर शंभर वर्षांच्या लाकडी जिन्याच्या इमारती उभ्या आहेत हे डोक्यात ठेवून करायचं काम आहे हे, घाई करून चालतच नाही. इमारतींच्या भिंतींवर तेव्हा छोटे छोटे चौकोनी आरसे चिकटवलेले दिसायचे, ते मोजमापाचे, समोरून यंत्र त्यांच्यावर नेम धरून मिलिमीटरमध्ये सांगतं की भिंत सरकली का.

आणि वेळ फक्त खणण्यात गेला नाही. वाडियाजी आणि अंजुमन या दोन आतशबेहरामांच्या, म्हणजे पारशांच्या मोठ्या अग्निमंदिरांच्या जवळून भुयार जातं म्हणून पारशी समाज हायकोर्टात गेला, फोर्टात जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या जुन्या इमारतीचा प्रश्न कोर्टात गेला, कफ परेडला रात्रीच्या आवाजावरून कोर्टाने रात्रीचं काम काही काळ बंद ठेवलं होतं. मला यात कुणाचा आडमुठेपणा वाटत नाही. घराखाली खणत असताना प्रश्न विचारायचा हक्क आहे माणसाला, आणि त्या प्रश्नांमुळेच कंपनांवर एवढं लक्ष दिलं गेलं. रूळसुद्धा साधे नाहीत, काँक्रीटच्या ठोकळ्यांना रबरी बूट घालून ते स्लॅबमध्ये बसवलेत, गाडीचा हादरा त्या रबरात मरतो.

ज्यांच्या इमारती स्टेशनसाठी पाडल्या त्या गिरगाव-काळबादेवीच्या लोकांना तिथेच नव्या टॉवरमध्ये घर द्यायचं ठरलंय. मेट्रो फॉलो करणाऱ्याने ते टॉवरपण फॉलो केले पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. लाईन पूर्ण झाली असं मी तेव्हा म्हणेन जेव्हा ती माणसं परत आपल्या गल्लीत राहायला येतील.

वरून जाणाऱ्या लाईनचं काम कुठवर आलंय ते रस्त्यावरून कसं ओळखायचं?

हे सगळ्यात सोपं कारण सगळं उघड्यावर असतं. मेट्रो 4 घ्या, वडाळ्याहून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड करत ठाण्यात कासारवडवलीपर्यंत, 32 किलोमीटरच्या वर, आणि 4ए धरली तर पुढे गायमुख.

पहिल्यांदा बॅरिकेड लागतात आणि महिनोन्महिने काहीच दिसत नाही. लोक म्हणतात काम बंद पडलं. बंद नसतं, खाली पाण्याची लाईन, गॅस, वीज, टेलिफोनच्या केबल बाजूला घ्यायचं काम चाललेलं असतं, आणि मुंबईत कुठली केबल कुठून गेलीये याचा नकाशा आणि जमीन यांचं जुळत नाही, त्यामुळे हाताने खड्डे खणून शोधावं लागतं. मग पायलिंगचं, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल भोक पाडायचं मशीन येतं, उंच, आवाज करणारं. मग सळ्यांचा पिंजरा, मग पिलर, मग पिलरवर टोपी म्हणजे पिअर कॅप. जिथे रस्त्याच्या मधोमध पिलर बसत नाही तिथे दोन्ही बाजूला एक एक पिलर आणि वर आडवी तुळई, कमानीसारखी, त्याला पोर्टल म्हणतात. आणि पिलरवर नंबर टाकले की समजायचं हिशोब जागेवर आलाय. ते नंबर तर आता पत्ता सांगायलापण वापरतात लोक, पिलर नंबर अमुकजवळ उभा आहे, ये.

खरं बघण्यासारखं काम रात्री असतं. अकरानंतर ट्रॅफिक कमी झाली की एक बाजू बंद करतात, यार्डातून लांब ट्रेलरवर पुलाचा काँक्रीटचा सेगमेंट येतो, एक एक तुकडा लॉरीएवढा. वर दोन पिलरच्या मध्ये पिवळा किंवा निळा लोखंडी सांगाडा बसलेला असतो, लाँचिंग गर्डर. तो तुकडा उचलायला लागला की खालची सगळी माणसं आपोआप गप्प होतात, नुसती शिट्टी आणि वॉकीटॉकी. उचललेला तुकडा हवेत हळूच फिरवतात, कारण ट्रेलरवर तो आडवा आलेला असतो. मग आधीच्या तुकड्याच्या तोंडाला हातमोजे घालून दोघं-तिघं जण राखाडी इपॉक्सी फासतात, हाताने, भिंतीला गिलावा करावा तसं, सगळ्या कडांना पोचेल असं, आणि ते सुकायच्या आत पुढचा तुकडा त्याला आणून चिकटवायचा असतो. दोन पिलरमधले सगळे तुकडे जुळले की आतून जाड केबल ओवून दोन्ही टोकांनी जॅकने ताणतात आणि मग तो पूल स्वतःचं वजन स्वतः उचलायला लागतो. त्यानंतर गर्डर पुढच्या पिलरवर सरकतो. हे करणारी पोरं बिहार, झारखंड, बंगाल, ओडिशा, आणि आपल्या मराठवाड्यातलीसुद्धा असतात, रात्रभर काम करून सकाळी तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. उद्घाटनाच्या फोटोत ती कधी दिसत नाहीत, म्हणून तुमच्या फोटोंत असू द्या.

पूल झाला की मग बघायचं: कडेची भिंत लागली का, विजेचे खांब उभे राहिले का, खांबांवर तार ओढली का. तार ओढून "लाईन चार्ज आहे, 25,000 व्होल्ट" असे बोर्ड लागले की गाडी येणार हे नक्की.

गाड्या कुठे बनतात? मुंबईत कशा येतात?

मेट्रो 3 च्या गाड्या अल्स्टॉमने आंध्र प्रदेशात श्रीसिटीला बनवल्या, 8 डब्यांच्या 31 गाड्या, म्हणजे 248 डबे. 2ए आणि 7 च्या गाड्या बीईएमएलने बंगळुरूला बनवल्या, 6 डब्यांच्या. मेट्रो 1 च्या 4 डब्यांच्या, त्या चीनमधून नानजिंगहून आलेल्या.

रेल्वेच्या रुळांवरून या गाड्या आणता येत नाहीत, का ते खालच्या प्रश्नात. म्हणून एक एक डबा वेगळा, ताडपत्रीत गुंडाळून, भरपूर चाकांच्या लांबलचक ट्रेलरवर, हजार किलोमीटरच्या वर रस्त्याने. वाटेत प्रत्येक पूल, प्रत्येक वळण, प्रत्येक खाली लोंबणारी तार आधी बघून ठेवावी लागते, शहरात फक्त रात्री शिरता येतं. मेट्रो 3 ची पहिली गाडी ऑगस्ट 2022 मध्ये अशीच आरेत पोचली. डेपोत क्रेनने डबा उचलून आधीच ठेवलेल्या चाकांच्या बोगीवर अलगद टेकवतात, मग एकमेकांना जोडतात, मग वीज न देता आधी नुसत्या वायरी तपासतात. हायवेवर कधी असा गुंडाळलेला डबा दिसला तर गाडी जपून बाजूला घ्या आणि डोळे भरून बघा, चालवता चालवता फोटो काढू नका.

लोकल आणि मेट्रोचे रूळ एकच का नाहीत? मेट्रो थेट लोकलच्या रुळावर आणली असती तर?

लोकल ब्रॉडगेज, दोन रुळांत 1,676 मिलिमीटर. मुंबईच्या मेट्रो स्टँडर्ड गेज, 1,435 मिलिमीटर. स्टँडर्ड गेजला वळणं थोडी तीव्र चालतात, आणि जगभर मेट्रोच्या गाड्या याच गेजच्या बनतात त्यामुळे डिझाइन तयार मिळतं. वीज मात्र दोन्हीकडे तीच, 25 केव्ही एसी, वरून. फक्त मेट्रो 3 च्या बोगद्यात ताणलेली तार नाही, छताला अॅल्युमिनियमची कडक पट्टी आहे, तिला गाडीच्या टपावरचा वीज घेणारा पेंटोग्राफ घासत जातो. उंची कमी लागते आणि तार तुटून लोंबकळायची भीती नाही.

मेट्रो 3 ला ड्रायव्हर नाही म्हणतात, खरं का?

गाडी आणि सिग्नल ड्रायव्हरशिवाय चालतील असे बनवलेत, पण सुरू झाली तेव्हा पुढे ऑपरेटर बसवूनच. सीबीटीसी नावाची सिग्नल पद्धत आहे, त्यात प्रत्येक गाडी रेडिओवरून सतत सांगत असते की मी इथे आहे आणि एवढ्या वेगात आहे, आणि मागच्या गाडीला तेवढंच अंतर ठेवायला लागतं जेवढ्यात ती थांबू शकेल. रुळाचे ठराविक तुकडे पाडून एका तुकड्यात एकच गाडी, असं लाल-हिरव्या सिग्नलसारखं नाही. म्हणून गाड्या जवळ जवळ सोडता येतात. आणि हेच जुळवायला ट्रायलमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो.

आरेच्या झाडांबद्दल तुमचं मत काय? मेट्रो आवडते म्हणजे झाडं तोडलेली चालतात का?

नाही चालत. मेट्रो 3 च्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्यांच्या डेपोसाठी, आरेतली झाडं तोडायची होती. ऑक्टोबर 2019 मध्ये हायकोर्टाचा निकाल आला त्याच रात्री तोडायला सुरुवात झाली, सुप्रीम कोर्टाने 7 ऑक्टोबरला थांबवलं तोवर 2,100 च्या वर झाडं गेलेली. 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, तिथे जमिनीच्या मालकीवरून हायकोर्टात अडलं, 2022 मध्ये सरकार बदललं आणि परत आरे. यात झाडंही गेली आणि वर्षंही गेली. डेपोशिवाय लाईन चालत नाही हे मला पूर्ण पटतं, रात्री गाड्या उभ्या कुठे करणार, तपासणार कुठे. पण रात्रीतून कुऱ्हाड चालवणं हे चूकच होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आज मेट्रो 3 ने जातानाही वाटतं. ज्यांनी तिथे उभं राहून विरोध केला, पोलिस केस अंगावर घेतल्या, त्यांना "विकासविरोधी" म्हणणं थांबवा एवढीच विनंती.

अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं. भुयारी मेट्रो मुंबईत सेफ आहे का?

26 मे 2025, स्टेशन सुरू होऊन सोळा दिवस झालेले, पाऊस लवकर आला आणि धो धो आला. स्टेशनचा एक जिना अजून बांधत होते, तिथे पाणी अडवायला घातलेली भिंत कोसळली आणि पाणी आत. वरळीपासून पुढची सेवा बंद ठेवावी लागली. हे घडायला नको होतं, आणि यावर पांघरूण घालायची गरज नाही.

पण पाणी कुठून आलं ते समजून घ्या. बोगद्याच्या भिंतीतून नाही आलं, अर्धवट जिन्यातून आलं. पूर्ण झालेल्या जिन्याचं तोंड रस्त्यापेक्षा उंच ठेवतात, बघा, आधी दोन-चार पायऱ्या चढून मग खाली उतरायचं असतं, ते त्यासाठीच. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर कुठलंही भुयारी स्टेशन उघडणार असेल तर मी सगळ्यात आधी अर्धवट जिने किती आहेत ते बघतो. तुम्हीही बघा आणि विचारा.

सगळ्या गोष्टी कुठून कळतात?

टेंडर, सीएमआरएसची तपासणी, विधानसभेतली लेखी उत्तरं, कोर्टाचे आदेश, हे भरवशाचं. नेत्यांच्या भाषणातली तारीख सगळ्यात कमी भरवशाची, कुठल्याही पक्षाचा असो. आणि साइटवरचा सिक्युरिटीवाला किंवा फोरमन, त्याच्याशी चहा पिता पिता बोललं तर "साहेब, इथे अजून केबलच आली नाही" हे एक वाक्य दहा बातम्यांपेक्षा जास्त सांगतं. फक्त त्याचं नाव, फोटो कुठे टाकू नका, बिचाऱ्याची नोकरी जाईल.

फोटो-व्हिडिओ काढले तर चालतात का?

रस्त्यावरून, फुटपाथवरून, आपल्या गॅलरीतून बिनधास्त काढा. बॅरिकेडच्या आत पाऊल टाकायचं नाही, गेट उघडं असलं तरी नाही. उचललेल्या वजनाखाली थांबायचं नाही. ड्रोन विसरा, मुंबईत पोलिसांचे बंदीचे आदेश वारंवार निघतात आणि परवानगीशिवाय उडवलात तर गुन्हा दाखल होतो. स्टेशनात सुरक्षारक्षकाने नको म्हटलं तर फोन खिशात. प्लॅटफॉर्मच्या काचेच्या दरवाजाला कॅमेरा चिकटवून उभं राहू नका, मागून गर्दी येत असते.

मुलीला मेट्रोचं वेड आहे, वय सात. तिला काय दाखवू?

मेट्रो 3 ने आरेहून बसवा, कारण तिथून गाडी उजेडातून बोगद्यात शिरते ते दिसतं, बाकी कुठे दिसत नाही. पहिल्या डब्यात चढा. मरोळ नाक्याला उतरून मेट्रो 1 दाखवा, एक जमिनीखाली खोल आणि दुसरी डोक्यावरच्या पुलावर, चालत चालत केवढं चढावं लागतं ते तिचं तिलाच कळेल. वेळ असेल तर जगन्नाथ शंकरशेट स्टेशनला उतरा, मुंबई सेंट्रलला, आणि सांगा की 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती रेल्वे मुंबईत यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत हे नाना शंकरशेट होते. शेवटपर्यंत गेलात तर कफ परेड, आरेपासून तिकीट 70 रुपये. शाळेच्या सुट्टीत दुपारी अकरा ते चारमध्ये जा, तेव्हा बसायला जागा मिळते.

मी मुलुंडला राहतो. आजपासून सुरुवात करायची तर आधी काय करू?

मुलुंड नाक्यापासून सोनापूरपर्यंत एलबीएसने, मेट्रो 4 च्या खालून, एकदा पायी चाला, रविवारी सकाळी, गर्दी नसते तेव्हा. वहीत किंवा फोनमध्ये प्रत्येक स्टेशनसाठी चार गोष्टी लिहा: छत आहे का, जिन्याचा सांगाडा रस्त्यावर उतरलाय का, लिफ्टचा खड्डा भरलाय का, वर तार आहे का. चारांपैकी कुठल्याला "नाही" आलं ते ठळक करा. पुढच्या महिन्यात परत जाऊन फक्त तेच बघा.